सामाईक संगणक, खासगी कागद

राहुरी तालुक्यातले देवळाली प्रवरा हे प्रवरा नदीच्या कालव्यावरचे नगरपरिषदेचे गाव. ऊस, कांदा आणि दूध यांवर इथला संसार चालतो. खरीप पीक विम्याची मुदत जवळ आली की इथल्या आणि राहुरी फॅक्टरी भागातल्या सेवा केंद्रांत गर्दी होते. एक संगणक, एक प्रिंटर, अंगठा घेणारे एक यंत्र, त्यामागे केंद्रचालक आणि काउंटरच्या अलीकडे पिशवीत कागद घेऊन उभे असलेले शेतकरी. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचे पासबुक, पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र. एकाचे काम उरकले की दुसऱ्याचे कागद स्कॅनरवर. संध्याकाळी शटर ओढले जाते तोवर त्या एका संगणकाने कितीतरी घरांची जमीन, खाते क्रमांक आणि ओळख पाहिलेली असते. पाहिलेले सगळे तो विसरत नाही. त्यातले बरेच काही डिस्कवर उरते, आणि ते तिथे उरावे असे कोणीही ठरवलेले नसते.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. ब्राउझर आपल्या संगणकावर पाने साठवतो ती रीत ‘एक यंत्र, एक माणूस’ असे गृहीत धरून बांधली गेली. देवळाली प्रवरासारख्या गावात यंत्र सामाईक असते. त्यामुळे जे सर्वांचे आहे ते पुन्हा पुन्हा दूरवरून ओढून आणावे लागते, आणि जे एकाचेच आहे ते दुसऱ्याच्या हाताशी पडून राहते. दोन्हीकडून तोटा होतो तो कीबोर्डला हातही न लावणाऱ्या माणसाचा. हे बदलता येण्यासारखे आहे. मात्र ते बदलण्याचे ओझे त्याच माणसावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

आधी या साठवणीचा हिशेब समजून घेऊ. एखादे पान उघडताना ब्राउझर सर्व्हरकडून नुसता मजकूर मागत नाही. मांडणी सांगणारी फाइल, अक्षरांचा फॉन्ट, बोधचिन्हे, छायाचित्रे, बटणे चालवणारा प्रोग्रॅम, जिल्हा-तालुका-गावांच्या याद्या असे डझनावारी तुकडे तो मागवतो. आजच्या साधारण पानाचे वजन २ एमबीच्या पुढे जाते. यातले बहुतेक तुकडे आज जसे आहेत तसेच उद्या असतात. म्हणून एकदा आलेला तुकडा ब्राउझर डिस्कवर ठेवून देतो आणि पुढच्या वेळी तोच काढून दाखवतो. या साठ्याला कॅशे म्हणतात. कालव्याच्या पट्ट्यातल्या वाचकाला यामागचा विचार नवा नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. तिथून सुटलेले पाण्याचे आवर्तन शिवारात पोचायला वेळ लागतो आणि पुढचे कधी सुटेल ते आपल्या हातात नसते. म्हणून ज्याला जमते तो शेततळे खोदतो, त्यात कागद अंथरतो आणि आलेले पाणी बांधाजवळ धरून ठेवतो. मूळ साठा दूर, वाट अरुंद आणि गरज रोजची असली की जवळ छोटा साठा करावाच लागतो. नेटची रेंज दिवसातून अनेकदा ढेपाळते अशा ठिकाणी हा छोटा साठा शहरापेक्षा जास्त मोलाचा असतो. कॅशेला मी दोष देणार आहे असे कोणी समजू नये. माझी तक्रार त्याच्या असण्याबद्दल नाही, त्याच्या वाटणीबद्दल आहे.

साठवलेले पान शिळे होते, ही त्यातली जुनी अडचण. राहुरीच्या बाजार समितीतला कांद्याचा कालचा भाव आज दाखवला तर तो शेतकऱ्याची फसवणूक करतो. यावर वेबच्या कर्त्यांनी फार पूर्वीच दोन उपाय काढले. पहिला, सर्व्हरने तुकड्यासोबत चिठ्ठी जोडायची की हा इतके सेकंद ताजा समजावा. दुसरा, मुदत संपल्यावर ब्राउझरने सर्व्हरला विचारायचे, ‘माझ्याकडे अमुक वेळची प्रत आहे, त्यानंतर काही बदलले का?’ बदल नसेल तर सर्व्हर अख्खे पान न पाठवता ३०४ हा एवढासा संकेत पाठवतो आणि ब्राउझर जुनीच प्रत वापरतो. तारीख विचारण्याची सोय १९९६ मध्ये लिहून ठेवलेल्या एचटीटीपी या वेबच्या नियमावलीच्या १.० आवृत्तीतच आहे. सविस्तर नियंत्रण १९९७ च्या १.१ आवृत्तीने आणले. सर्व्हरने चिठ्ठीच जोडली नाही तर ब्राउझर अंदाज बांधतो. पान शेवटचे बदलून जितके दिवस झाले त्याच्या साधारण एक दशांश काळ ते ताजे धरायचे, असा ढोबळ हिशेब मानकातही नमूद आहे. साइटच्या कर्त्याने विचार केला नाही तर त्याच्या वतीने यंत्र विचार करते. आपल्याकडच्या अनेक संकेतस्थळांचा कारभार अशा अंदाजावरच चाललेला असतो, आणि मग केंद्रचालक गिऱ्हाइकाला सांगतो, ‘थांबा, कॅशे क्लिअर करून बघतो.’

हा साठा डिस्कवर नेमका कुठे असतो? इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात ‘टेम्पररी इंटरनेट फाइल्स’ नावाचा फोल्डर होता. तो उघडला की कोणी कोणती चित्रे पाहिली ते सरळ दिसे. क्रोममध्ये तो वापरकर्त्याच्या लपवलेल्या फोल्डरात आत खोलवर असतो. विंडोजवर तिथे ‘डेटा_०’ ते ‘डेटा_३’ अशा नावांच्या चार फायली दिसतात. लहान तुकडे त्यांत कोंबलेले असतात आणि मोठे तुकडे वेगळ्या क्रमांकित फायलींत ठेवलेले असतात. फायरफॉक्समध्ये प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल असते आणि तिचे नाव म्हणजे अर्थ न लागणारी अक्षरे नि आकडे. नुसत्या डोळ्यांना हे वाचता येत नाही, म्हणून ते सुरक्षित आहे असा समज होतो. तो खरा नाही. मोफत मिळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने कोणता तुकडा कोणत्या पत्त्यावरून कधी आला याची यादी निघते आणि तुकडा उघडताही येतो. जागा भरत आली की फार दिवसांत न लागलेले तुकडे आधी काढून टाकले जातात. गर्दीच्या दिवशी तुमचा तुकडा लवकर जाईल, सुस्तीच्या दिवसांत तो आठवडेच्या आठवडे बसून राहील. जाण्या-राहण्याचा संबंध त्यातल्या मजकुराच्या नाजुकपणाशी नसतो.

आता मुद्द्याचे. १९९७ च्या मानकाने सर्व्हरला सांगता येतील अशा काही आज्ञा ठरवल्या. ‘पब्लिक’ म्हणजे कोणीही साठवावे. ‘प्रायव्हेट’ म्हणजे हा मजकूर एकाच माणसासाठी आहे, सामाईक साठ्याने तो ठेवू नये. ‘नो-स्टोअर’ म्हणजे कोणीच ठेवू नये. त्या वेळी सामाईक साठा म्हणजे विद्यापीठाच्या किंवा इंटरनेट कंपनीच्या दारात बसवलेले, अनेकांच्या वतीने पाने आणून ठेवणारे यंत्र. टेबलावरचा संगणक एका माणसाचा, हे कोणी वेगळे सांगण्याची गरज नव्हती. मानक लिहिणाऱ्यांच्या प्रयोगशाळांत ते खरेच होते. पण हे गृहीतक पुढेही तसेच राहिले. जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले कॅशेचे आजचे मानक, आरएफसी ९१११, खासगी साठ्याची ओळख करून देताना तो एकाच वापरकर्त्याला वाहिलेला असतो असे म्हणते आणि बहुधा तो ब्राउझरचाच भाग असतो असेही सांगते.

याचा देवळाली प्रवरातला परिणाम पाहा. एखाद्या संकेतस्थळाच्या कर्त्याने शेतकऱ्याचे नाव, खाते क्रमांक आणि गट क्रमांक असलेल्या पानाला ‘प्रायव्हेट’ अशी आज्ञा जोडली. त्याने आपले काम चोख केले, मानकाच्या भाषेत तो निर्दोष आहे. पण ही आज्ञा ब्राउझरच्या साठ्याला रोखत नाही, कारण तो साठा खासगीच आहे असे मानक समजते. सेवा केंद्रातला क्रोम ते पान आपल्या साठ्यात ठेवू शकतो. मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या शेतकऱ्याचे काम त्याच क्रोममध्ये, त्याच विंडोज खात्यात, त्याच फोल्डरात सुरू होते. लॉगआउट केल्यावर ‘बॅक’चे बटण दाबले आणि आधीच्या माणसाचे पान पुन्हा उभे राहिले, हा अनुभव सामाईक संगणकावर काम केलेल्या अनेकांना आहे. त्यामागचे एक कारण हेच.

मधल्या काळात आणखी एक बदल झाला आणि त्याची दखल आपल्याकडे फारशी घेतली गेली नाही. आज जवळजवळ सगळी वाहतूक कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएसवरून होते. तीच योग्य आहे. पण कुलूप आल्यावर वाटेतल्या सामाईक साठ्यांना आतले काही दिसेनासे झाले, त्यामुळे त्यांचा उपयोग संपला. मोठ्या कंपन्यांनी करारावर उभारलेली वितरण केंद्रे शहरांतून आहेत, पण गावाच्या जवळ, गावापुरता असा साठा कुठे उरला नाही. म्हणजे १९९७ मध्ये ज्याची काळजी वाहिली तो सामाईक साठा वाटेवरून उठला आणि केंद्रातल्या टेबलावर येऊन बसला. त्याला सामाईक म्हणून ओळखणारा नियम मात्र त्याच्याबरोबर आला नाही.

दुसरा बदल २०२० चा. एखाद्या संकेतस्थळाला तुमच्या कॅशेत डोकावता येत नाही, पण एखादा तुकडा किती झटकन उघडला हे मोजता येते. झटकन उघडला तर तो तुमच्याकडे आधीपासून होता, म्हणजे तुम्ही तिकडे जाऊन आला आहात. प्रिन्स्टनच्या एडवर्ड फेल्टन आणि मायकेल श्नायडर यांनी ही युक्ती २००० सालीच दाखवून दिली होती. त्यावर उपाय म्हणून ब्राउझरांनी साठ्याचे संकेतस्थळागणिक कप्पे केले. सफारीने ते आधीच केले होते. क्रोमने ऑक्टोबर २०२० मध्ये ८६ व्या आवृत्तीपासून सुरुवात केली आणि फायरफॉक्सने जानेवारी २०२१ मध्ये ८५ व्या आवृत्तीत. तेव्हापासून एका संकेतस्थळासाठी आणलेला फॉन्ट दुसऱ्या संकेतस्थळाला वापरता येत नाही, तो जसाच्या तसा असला तरी. क्रोमच्या स्वतःच्या मोजणीत जाळ्यातून ओढाव्या लागणाऱ्या बाइट्स यामुळे सुमारे ४ टक्क्यांनी वाढल्या. जगाच्या सरासरीत ४ टक्के किरकोळ वाटतात. पण मराठी पानाचा हिशेब वेगळा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. जोडाक्षरांच्या आकारांमुळे देवनागरी फॉन्टची फाइलही रोमन फॉन्टपेक्षा कितीतरी जड असते. पीक विम्याचे संकेतस्थळ, महसूल खात्याचे, दाखल्यांचे, शिष्यवृत्तीचे, या प्रत्येकासाठी तोच जड फॉन्ट त्याच अरुंद वाटेने वेगवेगळा आणावा लागतो.

कप्पे करण्याला माझा विरोध नाही. माणसाच्या मागावर राहणाऱ्या जाहिरातदारांना त्याने आळा बसतो. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एका माणसाने भेट दिलेली दोन संकेतस्थळे एकमेकांपासून झाकण्यासाठी जगभर एवढा खटाटोप झाला आणि त्याची किंमत सर्वांनी मोजली. एकाच यंत्रावर बसणारी दोन माणसे एकमेकांपासून झाकण्यासाठी मानकात कसलीही तरतूद आली नाही. ज्याचा स्वतःचा लॅपटॉप आहे त्याला कप्प्यांचा लाभ पूर्ण मिळतो. सेवा केंद्रातल्या शेतकऱ्याला जादा डाउनलोडचा भार मिळतो, आडोसा मिळत नाही.

यावर सोपे उत्तर म्हणजे सरकारी संकेतस्थळांनी सगळ्यालाच ‘नो-स्टोअर’ लावावे. अनेक ठिकाणी धोरण जवळपास असेच असते. ‘बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका’ ही सूचना आणि पुन्हा पहिल्यापासून भरायचा अर्ज ही त्याची लक्षणे. हे उत्तर मला आळशीपणाचे वाटते. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला, ३१ जुलैची मुदत वाढवून ३ ऑगस्ट करावी लागली, आणि शेवटच्या दिवसांत राज्यभर ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी होते. त्याला कारणे अनेक असतात. पण साधा विचार करा. एक केंद्रचालक दिवसात पन्नास अर्ज भरत असेल आणि काहीच साठवायला परवानगी नसेल, तर राहुरी तालुक्यातल्या गावांची तीच यादी, तेच बोधचिन्ह, तोच फॉन्ट तो पन्नास वेळा मागवणार. राज्यातली हजारो केंद्रे हेच करणार. ज्या दिवशी सर्व्हरला फक्त शेतकऱ्याचा अर्ज घ्यायला फुरसत हवी, त्या दिवशी तो गावांची नावे वाटत बसतो.

गावांची यादी बदलते तेव्हा काय, असा प्रश्न येईल. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या शहराचे नाव काही रोज बदलत नाही, पण बदलले तेव्हा जुनी यादी साठवून बसलेल्या यंत्रांना ते कळायला हवे. यावरचा उपाय आपल्या प्रशासनाला संगणक येण्याच्या आधीपासून ठाऊक आहे. शासन निर्णय एकदा निघाला की त्याचा मजकूर खोडून नवा लिहीत नाहीत. चूक झाली तर शुद्धिपत्रक निघते, धोरण बदलले तर नवा निर्णय निघतो आणि जुना अधिक्रमित होतो. प्रत्येकाला स्वतःचा १८ अंकी संगणक सांकेतांक असतो. म्हणजे एका सांकेतांकाखालचा कागद कायम तोच. वेबच्या अभियंत्यांनी नेमकी हीच पद्धत धरली आहे: फाइल बदलली की तिला नवे नाव द्यायचे, आणि एका नावाखालची फाइल कधीच बदलणार नाही असे जाहीर करायचे. २०१७ मध्ये ‘इम्म्युटेबल’ या आज्ञेने त्याला मानकाचे रूप मिळाले. नव्या पानाने यादीचे नवे नाव मागितले की जुनी यादी आपोआप निरुपयोगी होते. कोणालाही कॅशे क्लिअर करावा लागत नाही. शासन निर्णय, तालुक्यांच्या याद्या, फॉन्ट, अर्जाचा रिकामा सांगाडा, कृषी विद्यापीठाची शिफारसपत्रके हे सगळे वर्षभर साठवून ठेवण्यालायक आहे. त्यात कोणाचे काहीही खासगी नाही.

मग उरतो तो खासगी भाग, आणि तो आकाराने अगदी लहान असतो. नाव, आधार, खाते, गट क्रमांक, क्षेत्र, पीक, मोबाइल. काही ओळी. त्यांना ‘प्रायव्हेट’ न लावता ‘नो-स्टोअर’ लावायचे आणि बाकी सगळ्याला ‘पब्लिक’. पानाची अशी फाळणी करणे काही अवघड विद्या नाही. त्यासाठी फक्त पान बनवणाऱ्याने खुर्चीवर कोण बसले आहे आणि काउंटरच्या अलीकडे कोण उभे आहे याचा विचार केलेला असायला हवा.

इथे केंद्रचालकांची बाजू ऐकली पाहिजे, कारण ती खरी आहे. गावातला चालक नुसता टायपिस्ट नसतो. म्हातारा शेतकरी कागद घरी विसरून येतो तेव्हा मागच्या वर्षीचा त्याचा आधार चालकाच्या फोल्डरमध्ये सापडतो आणि माणसाचा एक हेलपाटा वाचतो. अनेकांना हेच हवे असते. ‘तुमच्याकडं आहे ना मागचं, तेच लावा’ हे वाक्य केंद्रात सतत ऐकू येते. २०२३ मध्ये एका विमा अर्जामागे चालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळायचे. तेवढ्यासाठी त्याने प्रत्येक गिऱ्हाइकामागे सगळे पुसावे आणि पुन्हा सगळे मागवावे ही अपेक्षा मला जादा वाटते. शिवाय या पट्ट्याला सामाईक गोष्टी चालवण्याची जुनी सवय आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये उभा राहिला तो प्रवरेच्याच खोऱ्यात. यंत्र सामाईक असणे म्हणजे मागासलेपण आणि उद्या प्रत्येकाच्या हाती स्वतःचा संगणक आला की प्रश्न मिटेल, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. घरातला मोबाइलही सामाईकच असतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल असल्याचे दिसले. बाकीच्या जणी नवऱ्याच्या, मुलाच्या, दिराच्या फोनवर आपले काम उरकतात. एखादीने त्या फोनवर आपल्या दुखण्याबद्दल काही वाचले, किंवा कायद्याने आपल्याला माहेरच्या जमिनीत काय मिळते ते शोधले, तर तिने काय पाहिले याच्या खुणा त्या यंत्रात राहतात. केंद्रातला चालक परका तरी असतो, इथे यंत्र घरच्यांच्याच हाती असते.

पण चालकाच्या फोल्डरातला आधार आणि ब्राउझरच्या साठ्यातला तुकडा यांत मला मोठा फरक दिसतो. पहिला शेतकऱ्याच्या माहितीने ठेवलेला असतो. तो परत मागता येतो, ‘काढून टाका’ म्हणता येते, चालकाशी नाते बिघडले तर त्याबद्दल भांडता येते. दुसऱ्याबद्दल दोघांनाही पत्ता नसतो. डाउनलोड्सच्या फोल्डरात साचलेल्या सातबाऱ्यांच्या आणि पावत्यांच्या पीडीएफ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतात. ब्राउझरमधून ‘हिस्टरी डिलीट’ केली तरी त्या जागच्या हलत नाहीत, हे अनेक चालकांनाही माहीत नसते. इन्कॉग्निटो खिडकीबद्दलही असाच गैरसमज आहे. ती आपला साठा डिस्कवर ठेवत नाही हे खरे, पण सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद झाल्यावरच तो नाहीसा होतो. सकाळी उघडलेली एक खिडकी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली तर दिवसभराची सगळी गिऱ्हाइके एकाच सत्रात येतात.

कायद्याने या विषयात आजवर कोणती बाजू घेतली? सायबर कॅफेसाठी केंद्र सरकारने एप्रिल २०११ मध्ये नियम केले. येणाऱ्याची ओळख पटवून नोंद ठेवायची, कोणत्या संगणकावरून कोणती संकेतस्थळे पाहिली याचा इतिहास किमान एक वर्ष जपायचा, आडोशाची फळी साडेचार फुटांपेक्षा उंच ठेवायची नाही. गुन्ह्यांच्या तपासासाठी यातले काही लागते, हे मी नाकारत नाही. तरी त्या नियमांचा सारा रोख जपण्यावर आणि पाहण्यावर होता. आधीच्या माणसाचे पुढच्या माणसाला दिसू नये यासाठी यंत्र कसे असावे, हा विचार तिथे दिसत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपल्यावर ती पुसण्याचे बंधन आणले. ब्राउझरच्या कॅशेला हे तत्त्व लावायचे तर ते कोणावर लावणार? शेतकऱ्याने साठवायला सांगितले नाही, चालकाला साठले हे ठाऊक नाही, संकेतस्थळाने मानक पाळले आहे आणि ब्राउझर बनवणारी कंपनी सांगेल की बंद करण्याची सोय दिलेली आहे.

माझ्या मते बंधन पहिल्यांदा संकेतस्थळावर हवे. राज्याच्या सेवा पुरवणारे प्रत्येक संकेतस्थळ सामाईक संगणकावर उघडले जाते असे धरूनच बनले पाहिजे, कारण वस्तुस्थिती तीच आहे, आणि निविदेच्या अटींत ‘वैयक्तिक मजकुराला नो-स्टोअर, बाकीच्याला दीर्घ मुदत’ ही एक ओळ घालायला वेगळा पैसा लागत नाही. हे पाळले की नाही हे बाहेरून, ब्राउझरमधूनच, कोणालाही तपासता येते. त्यानंतर केंद्राची पाळी. बंद होताना साठा, कुकीज आणि लॉगिन पुसण्याची सोय क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आहे. केंद्राला परवानगी देतानाच ती चालू करून द्यावी. डाउनलोड्सचा फोल्डर रात्री आपोआप रिकामा व्हावा, आणि गिऱ्हाइकाच्या इच्छेने जे ठेवायचे ते वेगळ्या, नावानिशी फोल्डरात जावे. शेतकऱ्यांसाठी जागृती शिबिरे भरवण्याने यातले काहीही होणार नाही. ज्याला पडदा दिसत नाही त्याने कॅशे पुसायला कसे सांगावे?

एक गाठ तरीही सुटत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवी पाहुण्याची (गेस्ट) खिडकी उघडायची म्हटले, तर ती बंद होताना फॉन्ट आणि याद्याही जातात, आणि जुलैच्या शेवटच्या दिवशी त्या पुन्हा मागवाव्या लागतात. आज चालकापुढे दोनच पर्याय आहेत: सगळे ठेवणे किंवा सगळे टाकणे. तिसरा पर्याय ब्राउझर बनवणाऱ्यांनी द्यायचा आहे. सामाईक यंत्रासाठी अशी खिडकी, जी सर्व्हरने स्पष्टपणे ‘पब्लिक’ म्हटलेले तेवढे ठेवील आणि चिठ्ठी नसलेले, ‘प्रायव्हेट’ म्हटलेले, अंदाजावर साठवलेले असे बाकी सगळे माणूस उठताक्षणी टाकून देईल. त्यासाठी नवी आज्ञा शोधायला नको, ती १९९७ पासून मानकात आहे. फेल्टन आणि श्नायडर यांचा आक्षेप इथेही येतो, की ठेवलेल्या ‘पब्लिक’ तुकड्यांवरूनही आधीचा माणूस कुठे गेला होता ते ओळखता येईल. म्हणून ही सवलत सरसकट नसावी. केंद्र ज्या सेवा देते त्या आठ-दहा संकेतस्थळांची यादी आधीच ठरलेली असावी आणि साठा फक्त त्यांच्यापुरता टिकावा. त्या केंद्रात येणारा जवळपास प्रत्येक जण याच संकेतस्थळांवर जातो, त्यामुळे ती उघडली होती हे कळण्याने कोणाचे काहीच उघडे पडत नाही. कोणत्या गटावर कोणते पीक दाखवले आणि पैसे कोणत्या खात्यात येणार आहेत, हा भाग साठ्यात आलेलाच नसेल.